क्यूब कमी आले, साहेब म्हणतात सही कर: आता काय?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजून घेण्यात माझी चूक होत असेल तर तुम्हाला सांगता येईल. पुण्याच्या हद्दीलगत सात मजली इमारत चालू आहे. तुम्ही बिल्डरच्या पगारावर साइट इंजिनिअर, डिग्री होऊन दोन वर्षं झालेली. तिसऱ्या मजल्याच्या आठ कॉलमचे २८ दिवसांचे क्यूब (त्याच काँक्रीटचे वेगळे भरून लॅबमध्ये फोडायचे ठोकळे) ताकदीला कमी आले. तोवर त्या कॉलमवर दोन स्लॅब पडलेत आणि तिसऱ्याचं सेंटरिंग (साचा आणि टेकू लावणं) सुरू आहे. प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी सांगितलं, की सिमेंट वाढवून तीन क्यूब नव्याने भर, त्यावर जुनी तारीख टाक, आठवड्याने लॅबला पाठव आणि रजिस्टरला सही कर. घरी वडिलांचं ऑपरेशन नुकतंच झालंय, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता सुरू आहे. सही करू की राजीनामा देऊ, असा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर आधीच सांगतो. सही करू नका. पण राजीनामाही आज देऊ नका. तुम्ही उद्या निघून गेलात तर परवा दुसऱ्या कुणा नव्या पोराकडून तीच सही घेतली जाईल, आणि ते आठ कॉलम जसेच्या तसे उभे राहतील. तुमच्या प्रश्नात तुमची नोकरी आहे, साहेब आहेत, हप्ता आहे. कॉलमचं काय करायचं हे मात्र कुठेच नाही. मला वाटतं गाठ तिथून सोडवायची. मी बारा वर्षं साइटवर काढली, मग आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचं) डिझाइन केलं, आणि आता बराचसा वेळ जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये जातो. त्या अनुभवावरून सांगतो: क्यूब कमी येणं हा गुन्हा नाही. ती बांधकामातली नेहमीची अडचण आहे आणि तिच्यातून बाहेर पडायची सरळ, कागदावर लिहिलेली वाट आहे.

तुमचे आकडे बघू. क्यूब मशिनमध्ये फुटले ते ४३०, ४४५ आणि ४१८ किलोन्यूटन भाराला. क्यूबचा पृष्ठभाग १५० गुणिले १५०, म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. भागाकार केला की १९.१, १९.८ आणि १८.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतात, सरासरी १९.२. एम-२५ म्हणजे २८ दिवसांत २५ ताकद देणारं काँक्रीट; त्याचा क्यूब ५६२ किलोन्यूटनच्या पुढे फुटायला हवा. तिन्ही आकडे सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत आहेत, त्यामुळे 'एक क्यूब खराब निघाला' म्हणून सोडून देता येत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एम-२५ चा कुठलाही एक नमुना २२ च्या खाली चालत नाही. निकाल नापास आहे, यात शंका नाही.

पण नापास काय झालं, क्यूब की कॉलम? हे अजून कुणालाच माहीत नाही. मी साइटवर असताना क्यूबचे साचे मुकादमाच्या खोलीमागे पडलेले असायचे, कडेला जुनं काँक्रीट चिकटलेलं, बोल्ट ढिले. साचा काटकोनात नसेल तर क्यूब तिरका निघतो आणि मशिनमध्ये एका कोपऱ्यावर दाब येऊन लवकर फुटतो. तीन थरांत भरून प्रत्येक थराला ३५ ठोसे द्यायचे असतात. कितीदा दिले जातात ते तुम्हीही पाहिलं असेल. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब पाण्यात जायला हवा, तो रविवार आला म्हणून दोन दिवस उन्हात राहतो. असं झालं असेल तर कॉलम चांगला आणि क्यूब वाईट असू शकतो. उलटही होतं. मिक्सर ट्रॅफिकमध्ये अडकला, काँक्रीट घट्ट झालं, पंपवाल्याने ड्रायव्हरला सांगून पाणी सोडायला लावलं, आणि क्यूब त्याआधीच भरून झालेले होते. तेव्हा क्यूब चांगला आणि कॉलम वाईट. तुमच्याकडे आज जे आहे तो फक्त इशारा आहे. पण तो खरा इशारा आहे आणि तो तुम्हाला वेळेत मिळालाय.

७ दिवसांच्या निकालाबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तो शोधा. एम-२५ चा ७ दिवसांचा निकाल १६-१७ च्या आसपास अपेक्षित असतो, सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश असेल तर थोडा कमी. तो जर १२ आला असेल, तर तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं आणि तरीही वर स्लॅब चढवले गेले. असं असेल तर साहेबांवर ताण का आलाय तेही लक्षात येतं. आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) असेल तर त्या दिवसाची चॅलान, म्हणजे गाड्यांसोबत आलेल्या पावत्या, काढा. मिक्सर प्लांटमधून कधी निघाला आणि साइटवर कधी रिकामा झाला, या दोन वेळा बघा.

पुढची वाट अशी. इमारतीचं डिझाइन करणाऱ्या आरसीसी कन्सल्टंटला कळवायचं. ते बहुधा कोअर, म्हणजे उभ्या कॉलममधून कापून काढलेले काँक्रीटचे गोल नमुने, घ्यायला सांगतील. कव्हर मीटरने सळया कुठे आहेत ते शोधून, सळई कापली जाणार नाही अशा जागी किमान तीन कोअर काढतात. त्यांची क्यूबच्या हिशेबात आणलेली सरासरी ताकद ८५ टक्के, म्हणजे एम-२५ साठी २१.२५ भरली, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १८.७५ च्या खाली गेला नाही, तर काँक्रीट स्वीकारता येतं. नाही भरली, तर कन्सल्टंट मिळालेल्या ताकदीवर ते कॉलम पुन्हा तपासतात. कुणीतरी तुम्हाला 'लोड टेस्ट करून टाकू' असं सांगेल. स्लॅब आणि बीमसाठी ते ठीक आहे. कॉलम मात्र गणिताने तपासायचे असतात. आणि एक गोष्ट तुम्हाला धीर देईल: वरच्या मजल्यांवर कॉलमचा आकार पुष्कळदा खालच्याइतकाच ठेवलेला असतो, भार मात्र कमी झालेला असतो. तिथे १९ ची ताकदही पुरू शकते. मी डिझाइनला असताना अशी फेरतपासणी करून, काहीही न तोडता, लेखी मंजुरी दिलेली आहे. जिथे पुरली नाही तिथे जॅकेटिंग केलं, म्हणजे कॉलमभोवती नवी सळई आणि काँक्रीट चढवलं. आठ कॉलमचं जॅकेटिंग म्हणजे खर्च आहे, दोन-तीन आठवड्यांचा उशीर आहे, पण ते आज होऊ शकतं. लोक राहायला आल्यावर त्याच कामाला फरशी फोडावी लागते, फर्निचर हलवावं लागतं, बाथरूमच्या भिंती काढाव्या लागतात.

खोटे क्यूब नेमकं काय करतात, तर ही सगळी वाट बुजवून टाकतात. रजिस्टरमध्ये २७.४ लिहिलं गेलं की कन्सल्टंट त्या कॉलमकडे पुन्हा बघणार नाहीत. दहा वर्षांनी कुणी वरच्या गच्चीवर पाण्याची टाकी वाढवायचं ठरवलं, तर तो इंजिनिअर तुमच्या रजिस्टरवर विश्वास ठेवून गणित करेल. तो तुम्हाला ओळखत नसेल. तुमची सही एवढीच त्याच्या हातात असेल.

साहेब म्हणाले असतील, की डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी असतो, काही होत नाही. हे अर्धं खरं आहे, म्हणून फसवं आहे. काँक्रीटला दीड आणि भाराला दीड धरतात ते रिकामं पडलेलं धन नाही. कॉलम थोडा ओळंब्याबाहेर जातो, तळाशी हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ्या) राहतो, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी पडतं, वीस वर्षांनी सळई गंजते, कुणीतरी बाल्कनी बंद करून भिंत चढवतं: या सगळ्यांसाठी तो फॅक्टर आधीच वाटून टाकलेला आहे. त्यातला वाटा उचलायचा हक्क कन्सल्टंटला आहे, तोही तपासून आणि लेखी. मला-तुम्हाला नाही.

आता माझं सांगतो, कारण तुम्हाला उपदेश करणारा माणूस कधी चुकलाच नाही असं वाटू नये. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका पोअर कार्डावर (काँक्रीट भरण्याआधीच्या तपासणीचा कागद) वर न चढता सही केली. संध्याकाळ झाली होती, काँक्रीट खाली येऊन उभं होतं, फिटर म्हणाला 'साहेब, सगळं बांधून झालंय'. तो खरंच बोलत होता, सगळं बांधलेलं होतं. पण बाल्कनीच्या वरच्या जाळीखाली तिला उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या कमी होत्या आणि दिवसभर त्यावरून माणसं चालली होती. बाल्कनी पुढे आलेली, तिची मुख्य सळई वर असावी लागते. ती दबून जवळजवळ खालच्या कव्हरवर बसली होती. टेकू काढायला घेतले तेव्हा भिंतीच्या कडेला, वरच्या बाजूला, केसाएवढी चीर आली. आमच्या मुकादमाने ती पाहिली आणि हात वर करून काम थांबवलं. बाल्कनी तोडावी लागली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या बाल्कनीखाली सकाळी गवंड्यांच्या बायका पोरांना घेऊन सावलीला बसायच्या, ते मी रोज बघत होतो. पोअर कार्डावर 'तपासले' या शब्दापुढे माझी सही होती आणि मी तपासलं नव्हतं. त्यानंतर मी जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही केलेली नाही, आणि नियम म्हणून माझ्याकडे एवढाच एक आहे. तुम्हालाही तो पुरेल. सही करताना फक्त विचारा: या ओळीत जे लिहिलंय ते मी पाहिलं का?

'सगळेच करतात' असंही तुम्ही लिहिलंय. खूप ठिकाणी होतं, हे मी नाकारणार नाही. पण ते लपतं असं समजू नका. ऑडिटला गेलो की सोसायटीचे सेक्रेटरी जुनी फाइल आणून देतात. एका फाइलमध्ये चार वर्षांच्या कामाचे क्यूब होते: ३१.२, ३१.४, ३१.१, ३१.३, पानामागून पान. खरं काँक्रीट इतक्या शिस्तीत वागत नाही. आयएस ४५६ मध्ये एम-२५ साठी प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती वरखाली होतात त्याचं माप) ४ धरलेलं आहे ते उगाच नाही. वाळूची ओल बदलते, ऊन बदलतं, माणसं बदलतात, आकडे वरखाली होणारच. ती पानं पाहून मी लगेच कोअर काढायला सांगितले. रजिस्टरवर सही केलेल्या इंजिनिअरचं नाव वाचता येत होतं.

जगात गाजलेली उदाहरणं पुष्कळ आहेत, मी एकच सांगतो. १९८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलमधले टांगते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ नकाशात वरचा आणि खालचा पूल एकाच सलग सळईवर टांगलेला होता. बांधायला सोपं जावं म्हणून एका सळईच्या दोन केल्या, आणि वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. गणित चार ओळींचं होतं. बदललेल्या नकाशांवर इंजिनिअरची मोहर होती, पण ते गणित कुणी केलंच नव्हतं. तिथे दोन इंजिनिअरांचे परवाने गेले. आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आणि कौन्सिल आहे, इंजिनिअरसाठी देशपातळीवर तसा कायदा नाही. म्हणून आपल्याकडे चौकशी थेट पोलिसांपासून सुरू होते. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, तेव्हा त्याला ऑडिटमध्ये सुरक्षित ठरवणाऱ्या इंजिनिअरला अटक झाली. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन इमारत कोसळून १६ जण गेले, तेव्हा बिल्डरसोबत आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटवरही गुन्हा नोंदवला गेला. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि माहीत असताना खोटे क्यूब भरणं याला निष्काळजीपणा म्हणता येईल का, हे तुम्हीच ठरवा. 'साहेबांनी सांगितलं होतं' हे तोंडी असतं. सही लेखी असते.

इथवरचं थोडक्यात: निकाल नापास आहे, कॉलम नापास आहे की नाही ते ठरायचंय, ते ठरवायची पद्धत आहे, आणि खोटा कागद ती पद्धत बंद करतो. आता साहेबांशी कसं बोलायचं.

भांडायला जाऊ नका. 'हे बेकायदेशीर आहे' असं सुरुवातीलाच म्हणालात तर बोलणं तिथेच संपेल, कारण मग त्यांना स्वतःचा बचाव करावा लागेल. त्यांनाही वरून कुणीतरी विचारतंय. त्यांना बाहेर पडायला दार दाखवा. मी असतो तर आधी त्यांना एकटं गाठून म्हणालो असतो, 'साहेब, क्यूबच खराब भरले असतील अशी मला शंका आहे. कोअर काढले तर आपलं काँक्रीट पास व्हायची शक्यता आहे.' हे खोटं नाही, खरंच शक्यता आहे. आणि त्याच दिवशी एक मेसेज किंवा ईमेल, आरोप न करता, फक्त आकडे: 'तिसऱ्या मजल्याच्या आठ कॉलमचे २८ दिवसांचे निकाल सरासरी १९.२ आले आहेत. एम-२५ साठी कमी आहेत. कन्सल्टंटना कळवून कोअर घ्यायचे का, सांगावे.' एवढंच. हा मेसेज गेला की विषय तोंडी राहत नाही, आणि माझा अनुभव असा, की लेखी आकडा समोर आला की खोटे क्यूब भरायचा आग्रह बऱ्याचदा आपोआप थांबतो.

तरीही रजिस्टर पुढे आलं तर: 'साहेब, हे क्यूब त्या तारखेला माझ्यासमोर भरलेले नाहीत, त्यावर मला सही करता येणार नाही. जे माझ्यासमोर झालंय त्यावर लगेच करतो.' आवाज न चढवता. हेच वाक्य पुन्हा. कारणं वाढवू नका. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो.

रोजची डायरी ठेवा, तारीख, हवामान, काय भरलं, कोण हजर होतं. कंपनीच्या फायली घरी नेऊ नका, ते तुमच्यावर उलटेल; तुमच्या स्वतःच्या नोंदी आणि तुम्ही पाठवलेले मेसेज पुरेसे आहेत.

यापुढचं मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. कन्सल्टंट साइटला येतात आणि तुमच्याशी बोलतात का? मग पहिला फोन त्यांना, कारण त्या इमारतीच्या डिझाइनची जबाबदारी त्यांची आहे आणि त्यांना हे कळण्याचा हक्क आहे. ते फक्त साहेबांमार्फतच बोलतात का? मग मालकापर्यंत जावं लागेल. मालकाशी बोलताना रेरा या घरखरेदीदारांच्या कायद्याचा मुद्दा सांगा: ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. आत्ताचं जॅकेटिंग त्यापुढे किरकोळ आहे. कन्सल्टंट आणि मालक दोघांनीही कानाडोळा केला, तर बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी कळवणं उरतं. ती पायरी एकट्याने चढू नका. आधी एखादा वकील आणि तुमच्या ओळखीतला एक ज्येष्ठ इंजिनिअर यांच्याशी बोला. महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबे महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवताना नाव गुप्त ठेवा अशी विनंती करून पंतप्रधान कार्यालयाला लिहिते झाले, ते पत्र नावानिशी फिरलं, आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. मारेकरी लुटारू होते असं तपासात पुढे आलं, पण त्या माणसाचं नाव सांभाळलं गेलं नाही हे त्याने पुसलं जात नाही. त्या प्रकरणानंतर मागणी होऊन २०१४ मध्ये झालेला जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा कायदा अमलात आलेला नाही, आणि खासगी साइटवरच्या तुमच्यासारख्याला तो तसाही लागू पडला नसता. म्हणून मी 'जा आणि तक्रार ठोका' असं सहज म्हणणार नाही. आधी घरातल्या घरात, कन्सल्टंटच्या पातळीवर सुटत असेल तर तेच सगळ्यांत चांगलं, आणि अशी बहुतेक प्रकरणं मी तिथेच सुटलेली पाहिली आहेत.

नोकरी जाईल का? जाऊ शकते. एका ठिकाणी मी सही नाकारली तेव्हा माझी दुसऱ्या साइटवर बदली झाली, दोन महिन्यांचा पगार अडकला आणि अनुभवाचा दाखला शेवटपर्यंत मिळाला नाही. तेव्हा माझंही घर त्याच पगारावर होतं, त्यामुळे हप्त्याची काळजी किती असते ते मला ठाऊक आहे. पुढची नोकरी मला त्याच साइटच्या कन्सल्टंटनी दिली. तुमच्या बाबतीत तसंच होईल असं वचन देता येत नाही. म्हणून आजपासून दुसरीकडे अर्ज करायला लागा, दोन-तीन महिन्यांचे हप्ते बाजूला पडतील असं बघा, घरी वडिलांना काय चाललंय ते सांगून ठेवा. नोकरी सोडावी लागलीच तर ती तुम्ही ठरवलेल्या वेळी सुटू दे.

आणि या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट. त्या कॉलमवर तिसऱ्या स्लॅबचं सेंटरिंग सुरू आहे असं तुम्ही लिहिलंय, भरणं कधी आहे ते लिहिलेलं नाही. कोअरचा निकाल येईपर्यंत तो स्लॅब भरला जाता कामा नये, त्या कॉलमवर आधीच पडलेल्या दोन स्लॅबवर विटांचे ढीगही चढवू नका. येत्या शनिवार-रविवारी भरायचा असेल तर कन्सल्टंटना फोन उद्यावर ढकलू नका, आज संध्याकाळीच करा. ७ दिवसांचा निकाल आणि चॅलानांचे फोटो जवळ ठेवा, ते पहिल्यांदा तेच विचारतील.